पाठमोरा पाहुणचार

दूर आफ्रिकेतल्या एका गवताळ रानात, नदीच्या काठावर, गोरखचिंचेच्या जाडजूड झाडाखाली एक रानडुकरीण राहत असे. मुलांनो, ती दिसायला सुंदर होती असं काही मी सांगणार नाही. तिच्या गालांवर लिंबाएवढ्या चामखिळी होत्या, तोंडातून दोन वाकडे सुळे बाहेर आले होते आणि पळू लागली की शेपूट काठीसारखं ताठ उभं राहायचं. बोलणंही तोडून टाकल्यासारखं. पण बीळ मात्र तिनं लख्ख ठेवलं होतं. आत वाळलेलं गवत अंथरलेलं, कोपऱ्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचात गार पाणी भरलेलं. ते बीळ तिच्या आईचं होतं आणि तिची स्वतःची सहा पिल्लंही तिथंच वाढून आपापल्या वाटेनं गेली होती.

तिच्या घराची एक रीत होती. आत शिरायचं ते उलट्या पावलांनी. बिळाशी आली की ती गर्रकन वळायची, तोंड बाहेर ठेवायची आणि मागं मागं सरकत आत जायची. बीळ अरुंद, तोंड घालून आत शिरलं की वळायला जागा नाही आणि पाठीमागं कोण आलं ते बघायला डोळे नाहीत. आईनं तिला हे शिकवलं होतं, आईला तिच्या आईनं. पाहुणा कितीही मोठा असो, तिच्या दारात त्याला वळावंच लागे.

आता पाहुणे कुठले, ते सांगतो. पावसाळा सरून गवत पिवळं पडलं की त्या रानात लांबलांबून प्राणी हिंडायला येत. पाहण्यासारखं थोडं का होतं? डोहात जांभया देणारे पाणघोडे होते, तळ्यावर उतरलेले गुलाबी रोहित पक्षी होते. सगळ्यात मोठं नवल म्हणजे नूंचं नदी ओलांडणं. नू म्हणजे तिकडचा दाढीवाला, शिंगाळ प्राणी. त्यांचे हजारोंचे कळप काठावर जमत आणि एका दिवशी सगळेच्या सगळे पाण्यात उड्या घेत. तो दिवस कोणता, हे मात्र खुद्द नूंनाही ठाऊक नसे. म्हणून पाहुणे चार-आठ दिवस मुक्काम ठोकून वाट बघत बसत.

नदीकाठचं कुठलं घर कुणाचं, हे रानातली सगळ्यात वयस्क हत्तीण ठरवी. तिचा नियम साधा होता. काठावर राहायचं तर आल्यागेल्याला आसरा द्यायचा. मोसमाच्या शेवटच्या पौर्णिमेपर्यंत ज्याच्या घरी एकही पाहुणा उतरला नाही, त्यानं ते घर दुसऱ्याला सोडून द्यायचं. आणि त्या वर्षी पौर्णिमा उद्यावर आली होती, तरी रानडुकरिणीच्या दारात कुणी फिरकलं नव्हतं.

ही सगळी करणी शेजारच्या कोल्ह्याची. त्यानं थोड्या अंतरावर आपलं पाहुणेघर थाटलं होतं. त्याचं दार त्यानं उकरून उकरून एवढं रुंद केलं होतं की दोन हरणं जोडीनं आत जावीत. आत शहामृगाच्या पिसांच्या गाद्या होत्या. कुणी पाहुणा दिसला की हा शेपूट हलवत सामोरा जाई, "या, या, घर आपलंच आहे" म्हणे आणि सिंहाचं दर्शन जवळून घडवण्याचं वचन देई. त्याला रानडुकरिणीचं बीळही हवं होतं, कारण तिच्या दारातून अख्खी नदी दिसायची. म्हणून तो पाहुण्यांच्या कानाशी लागून सांगे, की त्या बाईकडे जाऊ नका हो, ती पाहुण्यांना भुतासारखं उलट्या पावलांनी चालायला लावते.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी डोंगराकडून नऊ सशांचं एक कुटुंब आलं. त्यांतला म्हातारा ससा एका पायानं लंगडत होता आणि कुरकुर करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. वाट फार लांब, ऊन फार कडक, गवत फार टोचरं, असं त्याचं येईपर्यंत चाललं होतं. रानडुकरिणीचं घर वाटेत आधी लागलं, म्हणून ते तिथं थांबले. ती लगबगीनं बाहेर आली. तिनं पाणी पुढं केलं आणि मग, सवयीप्रमाणे, आत येताना वळून या असं सांगितलं.

झालं, छोटे ससे खिदळू लागले. ते एकामागं एक वळले, ढुंगण हलवत बिळात शिरले, बाहेर आले, पुन्हा शिरले. त्यांना तो खेळच सापडला. पण म्हाताऱ्याचा पारा चढला. सात डोंगर ओलांडून आलेल्या पाहुण्याला हे असलं काही करायला लावणं म्हणजे चेष्टा झाली, असं तो फणकाऱ्यानं म्हणाला. रानडुकरिणीच्या अगदी ओठावर आलं होतं, की राहू द्या आजोबा, या तसेच सरळ. एवढं म्हटलं असतं तर घर वाचत होतं. पण ते तिच्यानं म्हणवेना.

"आजोबा," ती म्हणाली, "घर गेलं तरी चालेल, पण माझ्या घरात तुम्हाला धोक्यात ठेवणार नाही. वळलात तर या."

म्हातारा वळला खरा, पण कोल्ह्याच्या घराकडे. त्याच्यामागं सगळी पलटण गेली. रानडुकरीण दारातच बसली आणि, लपवून काय ठेवू, ती रडली. मग उठून तिनं अंथरलेलं गवत पुन्हा नीट केलं, कारण उद्यापासून घर कुणाचंही असलं तरी आज ते तिचंच होतं.

इकडे कोल्ह्यानं जेवणं झाल्यावर पाहुण्यांना सिंहदर्शनाला नेलं. एका बाभळीच्या सावलीत सिंहीण झोपली होती. ससे गवताआडून बघत राहिले. सिंहीण हलेना की डुलेना. थोड्या वेळानं म्हाताऱ्याची कुरकुर सुरू झाली. नुसती झोपलेली सिंहीण बघायची तर दगड काय वाईट, असं त्याचं म्हणणं. आता शहाणा यजमान असता तर त्यानं हसून सोडून दिलं असतं. पण आपल्या पाहुणचाराला नाव ठेवलेलं कोल्ह्याला कुठलं सहन व्हायला? त्यानं मातीचं एक ढेकूळ उचललं आणि सिंहिणीनं नुसती मान वर करावी म्हणून नेम धरून फेकलं. ते थेट तिच्या नाकावर बसलं.

सिंहिणीनं मान वर केली. मग ती सगळीच वर झाली.

पहिला पळाला तो कोल्हा. पाहुणे मागं आहेत की नाहीत, हेही त्यानं वळून पाहिलं नाही. ससे त्याच्यामागं जीव तोडून धावत सुटले. त्यांना वाटलं, हा आपल्या घरात शिरेल आणि आपणही शिरू. पण कोल्हा आपल्या पाहुणेघरावरून सरळ पुढं निघून गेला. त्या रुंद दारातून सिंहीण आरामात आत येईल, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ज्या घराची तो मोसमभर वाहवा करत होता, त्या घराचा त्याला स्वतःलाच भरवसा नव्हता.

तो पोचला तो रानडुकरिणीच्या दारी आणि घाईनं तोंड घालून आत घुसला. सिंहीण कुठवर आली ते बघायला तो आत वळू गेला आणि गडी तिथंच अडकला. आत जाता येईना, वळता येईना. दारात फक्त त्याचं झुबकेदार शेपूट फडफडत राहिलं आणि मागून आठ ससे येऊन थडकले. रानडुकरीण बाहेर चरत होती. तिनं धुळीचा लोट पाहिला, धावत आली, कोल्ह्याचं शेपूट दातांत धरलं आणि त्याला बुचासारखा उपसून बाहेर काढला.

"आधी पाहुणे," ती त्याला म्हणाली. मग सशांकडे बघून ओरडली, "सकाळचा खेळ खेळा रे पोरांनो, वळा!"

आणि पोरं वळली. सकाळी तिची टर उडवताना त्यांनी जे दहा वेळा केलं होतं, ते आता अकराव्यांदा केलं. गर्रकन वळून, मागं मागं, एकामागं एक ती बिळात अशी सरकली की कुणी कुणाला अडलं नाही. मोठे ससे गेले. कोल्हाही निमूट वळून आत सरकला. राहिला म्हातारा. तो लंगडत, धापा टाकत अजून वीस उड्यांवर होता आणि सिंहीण त्याच्या पाठीमागं.

रानडुकरीण आत गेली नाही. शेपूट ताठ करून ती म्हाताऱ्याच्या बाजूनं पुढं धावली आणि सिंहिणीच्या वाटेत आडवी उभी राहून तिनं खुरांनी अशी धूळ उडवली की सिंहिणीला क्षणभर काही दिसेना. तेवढ्यात म्हाताऱ्यानं बीळ गाठलं. आणि हा कुरकुऱ्या म्हातारा, मुलांनो, दारात आल्यावर काहीही न बोलता वळला आणि उलट्या पावलांनी आत गेला. त्याच्या पाठोपाठ रानडुकरीणही पळत येऊन वळली आणि दारात घट्ट बसली. तिचे दोन्ही सुळे बाहेर होते.

सिंहिणीनं पंजा आत घातला. सुळा पंजात खचकन घुसला. तिनं तो मागं घेऊन चाटला आणि दुसऱ्या बाजूनं नाक पुढं केलं, तर तिथं दुसरा सुळा होता. ती बराच वेळ दारासमोर गुरगुरत बसली. आणि मग जमीन थरथरू लागली. नूंचे कळप नदीकडे निघाले होते. सिंहिणीनं एकदा बिळाकडे पाहिलं, एकदा कळपांकडे, आणि सुळ्यांचा नाद सोडून ती तिकडे निघून गेली.

रानडुकरिणीनं बाहेर येऊन चारी दिशांना वास घेतला. मग ती दारातून बाजूला सरली आणि म्हणाली, "आता बघा."

सगळे ससे उलट्या पावलांनी आत गेले होते, त्यामुळं सगळ्यांची तोंडं दाराकडेच होती. आणि दारातून अख्खी नदी दिसत होती. हजारो नू एकदम पाण्यात उतरले. पाणी फेसाळलं, काठ कोसळले, शिंगांचं एक जंगलच्या जंगल पोहत पलीकडे चाललं. ज्यासाठी सात डोंगर ओलांडून आले, ते नवल ससे मऊ गवतावर बसून, जागचे न हलता पाहत होते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ गेली डोळ्यांत, असं तो म्हणाला, पण त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

संध्याकाळी चंद्र उगवता उगवता हत्तीण आली आणि यंदा किती पाहुणे उतरले, असं तिनं विचारलं. रानडुकरीण काही बोलायच्या आधीच म्हातारा ससा लंगडत पुढं झाला.

"नऊ आम्ही," तो म्हणाला, "आणि दहावा हा." त्यानं कोल्ह्याकडे बोट दाखवलं. कोल्हा खाली मान घालून उभा होता, आणि शेपटीचे निम्मे केस अजून रानडुकरिणीच्या दातांत होते.

हत्तीण सोंड उडवून एवढी हसली की गोरखचिंचेवरची पाखरं उडाली. बीळ रानडुकरिणीचंच राहिलं. सशांनी घरी जाताना वाटेतल्या प्रत्येक वारुळाशी आणि झुडपाशी थांबून ही गोष्ट सांगितली. पुढच्या मोसमात तिच्या दारासमोर पाहुण्यांची अशी रांग लागली की काय सांगू. साळिंदरं आली, मुंगसं आली, एक अवाढव्य कासवही आलं. त्याला वळायलाच अर्धा दिवस लागला, पण तेही वळलंच. पाणघोडे आणि रोहित पक्षी पाहून झाले, की पाहुणे उलट्या पावलांनी त्या बिळात जाऊन बसायचे आणि घरी गेल्यावर सर्वांत आधी तेच सांगायचे.

कोल्ह्यानंही आपलं रुंद दार माती लिंपून अरुंद करून घेतलं. पाहुणा आला की तो अजूनही शेपूट हलवत सामोरा जातो. मात्र दारात आल्यावर तो आता म्हणतो, "मंडळी, जरा वळून या," आणि स्वतः सगळ्यांत शेवटी आत जातो.

तात्पर्य : पाहुण्याला नवल दाखवणारे पुष्कळ भेटतील, पण संकट आल्यावर त्याला आत घेऊन जो स्वतः दारात उभा राहतो, तोच खरा यजमान.