धुरपा सुईणीचे मोकळे दिवस

ऐका लेकरांनो. आणि लेकरांच्या आयांनो, तुम्ही तर नीट कान देऊन ऐका. फार फार मागची गोष्ट आहे. एका उभ्या डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि डोंगराच्या माथ्यावर मेंढपाळांची वाडी होती. दोन्हींच्या मधे एकच वाट. ती अशी चढाची की पुढच्याची टाच मागच्याच्या नाकासमोर यावी.

गावात धुरपा नावाची सुईण राहायची. तिच्या हाताला यश होतं. पोटात आडवं झालेलं मूल सरळ करावं ते तिनंच. तोंडानं मात्र फटकळ. कळा देणारी बाई किंचाळायला लागली की म्हणायची, "ओरडायला ताकद आहे ना, मग तीच खाली लाव."

त्या मुलखात एक रीत होती. मूल सुखरूप झालं की त्या घरच्या बाईनं सुईणीपुढं तुपातला शिरा ठेवायचा. सुईणीनं ताटात टाकलं तर बाळंतिणीचं दूध आटतं, असं मानायचे. मग टाकणार कोण? धुरपानं गावातली निम्मी माणसं जन्माला घातली आणि त्यांच्या नावाचा शिरा पोटात घातला. होता होता चोळी अंगाला पुरेना. जोत्यावरून उतरताना भिंतीला हात लावावा लागायला लागला. तिला कुणी काही म्हणत नव्हतं. सुईणीला बोलून अडायचंय कुणाला?

एका पावसाळ्यात माथ्यावरच्या वाडीतून बोलावणं आलं. कोंडाई नावाच्या बाईला कळा लागल्या होत्या. धुरपा निघाली खरी, पण अर्ध्या वाटेवरच्या उंबराखाली तिचा श्वास संपला. ती बसली. उठली, पुन्हा बसली. वर पोचली तेव्हा मूल येऊन गेलं होतं. आलं होतं, आणि गेलंही होतं. गळ्याला नाळेचा वेढा होता. तो सोडवायला जाणता हात हवा होता, तो हात तेवढा वेळ उंबराखाली पदरानं वारा घेत होता.

 कोंडाईनं नुसतं तिच्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. चार शिव्या दिल्या असत्या तर धुरपाला बरं वाटलं असतं.

त्याच वाडीत धुरपाची लेक हौसा दिली होती. वर्ष फिरायच्या आतच हौसाला दिवस गेले. लेकी बाळंतपणाला माहेरी येतात, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या मेंढपाळांची रीत उलटी. मूल डोंगरावरच जन्माला यायला हवं, पोटुशी बाई खाली उतरली तर कळपाला रोग येतो म्हणायचे. हौसानं नवऱ्याबरोबर निरोप धाडला, "आये, तू वेळेला येशील ना?"

धुरपाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. जे कोंडाईचं झालं तेच हौसाचं झालं तर? पौर्णिमेला ती देवळात गेली आणि गुरवापुढं हात धरला. गावात कुणी नेम धरला की गुरव मनगटाला पिवळा दोरा बांधायचा. धुरपाचा नेम असा: एका वेळेला एक भाकरी, बाळंतघरचा शिरा नुसता कपाळाला लावायचा, आणि रोज सकाळी चढावर चालायचं.

शेजारीण म्हणाली, "धुरपे, तू चालायला लागलीस तर डोंगर खचेल की गं."

"खचू दे," धुरपा म्हणाली. "तेवढाच चढ कमी होईल."

पहिल्या दिवशी ती शेवटच्या घराच्या कुंपणापर्यंत गेली आणि तिथंच ओकली. पण दुसऱ्या दिवशीही गेली. पाऊस सरला, शेतं पिवळी पडली, तोवर ती उंबरापर्यंत पोचायला लागली. चोळीच्या गाठीला पदर उरायला लागला. लुगड्याची निरी जास्त येते म्हणून ती मनाशी हसायची. गावातल्या बाया वळून बघायच्या. धुरपा मान वर करून चालायची.

आणि मग आलं एक बारसं.

घर मोठं, नातू पहिला, आणि तो धुरपाच्याच हातचा. पुरणपोळ्यांचा घाट घातला होता. धुरपा मनाशी म्हणाली, एक खाईन, घरच्यांचा मान राखीन. एक खाल्ली. वाढणारी म्हणाली, "एका पोळीवर उठता होय? माझं बाळ काय एका पायानं जन्मलं?" सगळ्या हसल्या, धुरपानं दुसरी घेतली. दुसरीनंतर मात्र तिला कुणी आग्रह केलाच नाही. तरी ती खात राहिली. पुरण गोड लागायचं थांबलं, घशाशी आलं, तरी हात थांबेना. बाया उठल्या, पंगत संपली. तेव्हा धुरपानं उरलेल्या पोळ्या पदराखाली घातल्या आणि मागच्या गोठ्यात गेली. तिथं म्हशीच्या आडोशाला उभी राहून खाल्ल्या. भूक कधीच मेली होती. भरभर खाल्ल्या, कुणाच्या चोरून आणल्यासारख्या.

त्या घरची म्हातारी शेणाची पाटी घेऊन आत आली. तिनं धुरपाचं तुपानं माखलेलं तोंड बघितलं. पदर बघितला. मग हळूच म्हणाली, "पाणी आणू का गं?"

एवढंच. धुरपाला वाटलं, म्हशीच्या पायाखाली जमीन फाटावी आणि आपण गव्हाणीसकट आत जावं.

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली आणि मान खाली घालून म्हणाली, "नेम मोडला."

गुरवानं दोरा कापला. "मग आता पौर्णिमेपर्यंत तू मोकळी. मोडलेला नेम मधेच धरता येत नाही, देवाला चालत नाही."

हीच त्या गावाची खोड होती. नेम मोडला की माणूस पौर्णिमेपर्यंत मोकळं. दारू सोडलेला मोकळा झाला की तोवर मनसोक्त प्यायचा. भांडण सोडलेली मोकळी झाली की सगळी उरलेली भांडणं उरकून घ्यायची. ही रीत ज्यानं काढली, तो मला विचाराल तर स्वतःच मोठा खादाड असणार. आणि आदली पौर्णिमा तर नुकतीच होऊन गेली होती.

धुरपा मोकळी झाली. मोकळी म्हणून भाकरीवर भाकरी घेतली. बाळंतघरचा शिरा घेतला, दुसऱ्यांदा मागून घेतला. तुम्हाला वाटेल ती मजेत होती. मजा कसली? खाल्लं की लाज वाटायची आणि लाज वाटली की ती गिळायला काहीतरी लागायचं. चढावर जाणं तिनं बंद केलं. त्या वाटेवर म्हातारीचं घर होतं, आणि म्हातारी "पाणी आणू का" म्हणेल याची तिला वाघाहून जास्त भीती वाटायची. पाणी भरायलाही ती सगळ्या बाया परतल्यावर जायला लागली. चोळीची गाठ पुन्हा ताणली. पुन्हा जोत्यावरून उतरताना भिंतीला हात.

मधेच जावई मेंढ्यांचं मीठ न्यायला खाली आला. "मामी, हौसा विचारती, रोज चढताय ना?"

"हो तर," धुरपा म्हणाली. "उंबराच्याही वर जाते आता." आणि त्याची पाठ फिरल्यावर चुलीपुढं बसून राहिली. भाकरी जळाली तरी उठली नाही.

पौर्णिमा यायची होती. पण पोटातलं मूल काय पौर्णिमा बघून येतं? एका सकाळी जावई धावत आला. त्याच्या अंगावर सदरा नव्हता, तसाच निघाला होता. "मामी, चला. पहाटेपासून लागलंय."

ती निघाली. शेवटच्या घराच्या कुंपणालाच छाती भात्यासारखी चालायला लागली. उंबर आला आणि ती बसली. जावई पुढं गेला होता, तो मागं आला. तिला बघत उभा राहिला. उंबराच्याही वर जाणारी सासू उंबराच्या मुळावर हात टेकून बसली होती. त्याला कळलं. तिला कळलं की त्याला कळलं.

"मामी," तो म्हणाला, "राग मानू नका." आणि खांद्यावरचं घोंगडं काढून त्यानं तिच्या कमरेला वेढलं, दोन्ही टोकं आपल्या खांद्यावरून घेतली आणि ओढायला लागला. अडलेल्या मेंढीला ओढतात तसं. लोकांच्या सुना सोडवणारी धुरपा जावयाच्या पाठीमागं ओढली जात वर गेली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते, दोन्ही हातांनी ती दगड धरत होती.

वाडीच्या बाया दारात उभ्या होत्या. झोपडीत हौसाच्या पाठीला छाती लावून तिला आधार देत बसली होती कोंडाई. सकाळपासून तीच बसली होती.

कोंडाईनं धुरपाकडं बघितलं. "आलीस? हात धू."

धुरपानं हात धुतले, पोट चाचपलं. मूल खाली उतरलं होतं, पण हौसा दमली होती. मोठी कळ आली आणि मधेच हौसानं अंग सोडलं. कळ ओसरली. हौसा रडायला लागली. "आये, मी वाया घालवली. सोडून दिलं मी मधेच. माझ्याकडून चुकलं, आता काही होत नाही माझ्यानं."

धुरपा तिच्यावर वसकली. "गेली ती कळ गेली. तिच्या नावानं रडत बसलीस तर पुढचीही जाईल. ती बघ येतीये, तिला जोर लाव. का पौर्णिमेची वाट बघणारेस?"

बोलून गेली आणि तो टोला तिचा तिलाच लागला. हौसाच्या खांद्यावरून कोंडाई तिच्याकडं एकटक बघत होती. धुरपाचे कान तापले. पण पुढची कळ आली होती आणि हात रिकामे ठेवून लाजायला वेळ नव्हता. हौसानं ओठ आवळले, जोर लावला. डोकं आलं. गळ्याला नाळेचा वेढा होता. धुरपानं बोट घातलं, वेढा सोडवला. पोर आली, आणि आल्या आल्या असं रडली की बाहेरची कुत्री भुंकायला लागली.

पुढं शिरा आला. तूप वरून ओघळत होतं. धुरपानं बोटभर कपाळाला लावला आणि ताट सरकवलं. मग लेकीच्या अंथरुणाशी बसून म्हणाली, "हौसा, मी चढत नव्हते. खोटं सांगितलं. पुरणपोळ्या खाल्ल्या, नेम मोडला, आणि लाजेपायी महिनाभर खातच राहिले. जावयानं मला ओढत आणली."

हौसाचे डोळे मिटलेले होते. "आलीस ना," ती म्हणाली. "आता उतर आणि पुन्हा चढायला लाग."

धुरपा निघाली. दारात कोंडाई उभी होती.

"माझ्या वेळी तू त्या उंबराखाली बसली होतीस," कोंडाई म्हणाली. विचारलं नाही तिनं, सांगितलं.

"बसले होते."

"मला पुन्हा दिवस गेलेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी होईन." कोंडाईनं पदर सारखा केला. "या खेपेला बसू नकोस."

 धुरपानं मान डोलावली आणि वाट उतरली. गावात शिरताच गुरव भेटला. म्हणाला, "पौर्णिमा जवळ आलीये धुरपे, ये दोरा बांधायला."

"कोंडाईचं मूल दोरा बघून थांबणार नाही," धुरपा म्हणाली आणि घरी गेली. त्या जेवणाला तिनं एक भाकरी खाल्ली. भूक राहिली होती. ताट धुऊन पालथं घातलं. सकाळी उठून म्हातारीच्या घरावरून चढाला लागली. म्हातारी अंगणात होती. धुरपाच थांबली आणि म्हणाली, "पाणी दे गं घोटभर." म्हातारीनं दिलं.

त्यानंतर धुरपा पुन्हा कधी चुकलीच नाही, असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. दिवाळीत तिनं करंज्यांचा अख्खा डबा रिकामा केला. होळीला पुन्हा पोळ्या. लाज वाटायचीच, ती काही मेली नाही. पण लाज वाटत असतानाच ती पुढच्या जेवणाला एक भाकरी घ्यायची आणि सकाळी वाटेला लागायची. डोळे सुजलेले असले तरी लागायची.

उन्हं तापायला लागली तेव्हा वाडीतून बोलावणं आलं. धुरपा चढली. उंबराशी तिच्या छातीत कळ उठली, पायात गोळे आले. तिनं खोडाला नुसता हात लावला आणि पुढं गेली. वर पोचली तेव्हा कोंडाईला नुकत्याच कळा धरल्या होत्या.

कोंडाईनं तिच्याकडं बघितलं आणि या खेपेला तोंड फिरवलं नाही. दिवस कलायच्या आत तिला मुलगा झाला.

तेव्हा लेकरांनो, ध्यानात ठेवा: जास्तीचं खाणं एका जेवणाचं असतं, त्याची लाज धरून बसलात तर महिन्याचं होतं, म्हणून सावरायचं ते पुढच्याच जेवणाला.