मांडऱ्यात संत ब्राझला ओठ लावत नाहीत

चर्चमध्ये वेदीच्या डाव्या हाताला भिंतीत जाळीचा कोनाडा दिसतो ना, त्यात आमचा संत ब्राझ आहे. मूर्ती नव्हे. त्याच्या हाडाचा तांदळाएवढा कण, चांदीच्या डबीत, काचेखाली. घशात काटा अडकून गुदमरणारं पोर त्याने वाचवलं होतं, म्हणून तो गळ्याच्या दुखण्याचा राखणदार. दुसऱ्या गावांत सणाच्या दिवशी लोक अशा अवशेषाचं चुंबन घेतात. आमच्या मांडऱ्यात काचेला कोणी ओठ लावत नाही. आया घरून धुतलेला पांढरा रुमाल आणतात, फादर तो क्षणभर डबीला टेकवतात आणि मग तो पोराच्या गळ्याला बांधला जातो.

हे असं का, तर पाच पिढ्यांपूर्वी गावात घटसर्प आला होता म्हणे. पोरांची मान सुजायची, घशात राखाडी पडदा धरायचा आणि श्वास शिट्टीसारखा वाजायचा. वैद्य वसईहून एकदा आला, दोन घरं पाहिली आणि कुणाच्या नजरेला नजर न देता परत गेला.

तेव्हा इथे फादर कायतान होते. वाडीतल्या इझाबेलचा थोरला, पास्कोल, निळा पडू लागला तेव्हा तिने त्यांना हाक मारली. फादर ही डबी घेऊन गेले. पोराच्या ओठांना काच लावली, गळ्यावर टेकवली, प्रार्थना म्हटली. आणि पास्कोल वाचला! दुसऱ्या दिवशी त्याने पेज मागितली, असं सांगतात. इझाबेलने आनंदाने धाकटीला, तीन वर्षांच्या रोझालीनला, कडेवर घेऊन तिलाही त्याच काचेचा मुका घ्यायला लावला. उपकार मानायला, आणि पुढेही डबी वाडीत आली की दर वेळी.

मग काय, प्रत्येक दारातून बोलावणं. फादर उन्हातान्हात घरोघर डबी नेत. आजारी पोर आधी मुका घेई, मग घरची धडधाकट पोरं, मग शेजारची. कुणाला नाही कसं म्हणणार?

चर्चची वस्त्रं धुणारी मादलेनबाय फादरांच्या मागे हातात पांढरा रुमाल घेऊन चालायची. विधवा बाई, कमी बोलणारी. सगळी घरं तिने पाहिली. कुठे मुका कधी घेतला आणि पोर कधी आजारी पडलं, हे तिच्या ध्यानात राहू लागलं. तिसरा दिवस, नाहीतर चौथा. मिठागरापलीकडच्या पाड्यावर साकव मोडल्यामुळे डबी पोचलीच नव्हती. तिथे एकही पोर आजारी नव्हतं.

आठ दिवस ती ही गोष्ट मनात घेऊन फिरली. मग एका दुपारी वेदीजवळ उभी राहून म्हणाली, "फादर, हाड पवित्र आहे. पण काचेवर आमच्या पोरांची थुंकी आहे."

फादर भडकले. "संत माणसं मारतो, असं म्हणतेस?"

"संत नाही, फादर. आपण."

फादरांनी डबी उजेडात धरून काच पाहिली. मग पायरीवर बसले आणि म्हणाले, "मादलेन, काल मी अकरा पोरांच्या तोंडाला ही काच लावली. माझ्या हाताने."

 ती त्यांच्या शेजारी बसली.

त्याच दुपारी त्यांनी डबी कोनाड्यात ठेवून कुलूप लावलं. लोक दाराशी जमले, ओरडले. फादरने संताला कोंडलं म्हणाले. फादर समजावत राहिले, पण ज्याचं पोर घरात गुदमरतंय त्याला काय समजणार? आणि कुलपाने अकरा पोरांचे मुके परत येणार नव्हते.

चौथ्या दिवशी इझाबेल आली. तिच्या खांद्यावर रोझालीनची मान लटकत होती.

"पास्कोलला दिलात, फादर. हिला का नाही?"

"इझाबेल, नाही देता येत."

"मग मी काय करू? तुम्ही सांगा. काहीही सांगा, मी करते."

 तेव्हा मादलेनबायने किल्ली मागून घेतली, जाळी उघडली आणि खांद्यावरचा धुतलेला रुमाल डबीला टेकवला. तो तिने पोरीच्या गळ्याला सैल बांधला, इझाबेलला बाकावर बसवलं, आणि तिघं वाट पाहत बसली. उन्हं वेदीवरून सरकून दारापाशी गेली. तोवर शिट्टी वाजायची थांबली होती. इझाबेल मात्र पोरीला जोजवत राहिली, आणि तिला थांब म्हणायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

अकरातली सहा पोरं त्या आठवड्यात गेली. पुढे महिनाभरात साथ ओसरली. लोक म्हणू लागले, रुमालाने गाव राखलं. मादलेनबायला हे ऐकवत नसे. ती म्हणायची, "रुमालाने काही केलं नाही. ती माउली काहीतरी करा म्हणत होती, आणि माझ्या हातात तेवढाच होता." फादर कायतान इथेच राहिले, इथेच पुरले गेले. त्यांच्या थडग्यावर नाव नाही. त्यांनीच तसं सांगून ठेवलं होतं.

आता पोरांना लस मिळते. घटसर्प पाहिलेलं माणूस गावात उरलेलं नाही. तरी आजही फेब्रुवारीत, संत ब्राझच्या सणाला, सगळ्यांत आधी इझाबेलच्या घरातली बाई पुढे येते. फादर तिचा रुमाल डबीला टेकवून परत देतात. ती तो कुणाच्या गळ्याला बांधत नाही. हातात धरून बाकावर बसते आणि शेवटचं पोर घरी जाईपर्यंत उठत नाही. तोवर फादरही तिच्या शेजारी बसतात.