जी ओळ मरायला हवी होती

माळावरच्या एका गावात तुरीची एक ओळ मेली नाही, आणि वृषाली हादरली.

ती ओळ मरायलाच तर लावली होती. शेतीचं शिक्षण घेऊन गावी परतलेली ही मुलगी तुरीचं नवं वाण घडवत होती. एका वाणाचा पराग चिमट्यानं दुसऱ्या वाणाच्या फुलाला लावायचा आणि त्यातून आलेलं बी मुद्दाम रोगट रानात पेरायचं. मर रोगानं वाळलेली तूर आसपासच्या गावांतून मागून आणून तिनं वर्षानुवर्षं त्या रानात गाडली होती. वरून पाणीही द्यायचं नाही. एवढं सोसून जे तगेल तेच बियाणं, हा तिचा नेम. नव्या वाणाच्या ओळींमध्ये ती जुन्या, नाजूक वाणाची एक ओळ लावी. ती वाळली की समजायचं, रानात रोग जागा आहे.

यंदा तीही शेंगांनी लगडली होती.

नेमक्या त्याच सकाळी सगळा गाव तिचं रान बघायला जमला होता. सरपंच भागवतअण्णांची छाती फुगली होती.

"आपल्या गावच्या पोरीचं बियाणं! पुढच्या पेरणीला घराघरात हेच. जुन्याचा एक दाणा ठेवू नका कुणी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या आवाजानंही वृषाली दचकली. तिनं खाली बसून खुरप्यानं माती उकरली. हाताला मऊ, ओली माती लागली आणि तिच्यात एक इवलासा शंख, तळ्यातल्या गोगलगायीचा. हे तिच्या रानातलं नव्हतं.

"अण्णा, इथं तळ्यातला गाळ कुणी टाकला?"

"मीच की!" अण्णा खुशीत हसले. "उन्हाळ्यात तू बहिणीच्या बाळंतपणाला गेलीस ना, तेव्हा. तळं उपसलं आणि पहिली खेप तुझ्या रानात, वर वखर फिरवून सारखी केलेली, तुला कळूही नये अशी. म्हटलं, पोरगी गावासाठी एवढं करते, मग तिचंच रान खडखडीत का?"

वृषालीच्या डोळ्यांत पाणी आलं. गाळानं ओल धरून ठेवली होती. रोगट माती खाली दबून गेली होती. नव्या वाणाची ना दुष्काळाशी गाठ पडली, ना रोगाशी.

गप्प बसलं तर? कुणाला कळणार होतं? माणसं तर केवढी खूश होती. पण याच माणसांच्या रानात पुढच्या वर्षी हीच तूर माना टाकेल, तेव्हा त्यांच्या घरात दुसरं बियाणंही उरलेलं नसेल. ती बांधावर चढली.

"हे बियाणं वाटू नका. अजून नाही."

"अगं बाई!" सोजराकाकू म्हणाल्या. "लोकं पीक मेलं म्हणून रडतात, ही जगलं म्हणून रडतेय!"

सगळे हसले.

"काकू, मरायला हवं तेच जगलंय. मग बाकीच्यांच्या जगण्यावर कसा भरवसा ठेवू? यंदा परीक्षाच झाली नाही."

अण्णांचा चेहरा उतरला. ते पाठ फिरवून उभे राहिले.

"मला पुढच्या पेरणीला खरंखुरं रोगट रान हवंय," वृषाली म्हणाली. "कुणाच्या रानात मर लागलीय?"

आपल्या रानाला रोग आहे हे चारचौघांत कबूल करणं त्या गावात कमीपणाचं होतं. ज्यानंत्यानं आपापल्या चपलांकडे बघितलं.

वृषालीनं पुन्हा हाक दिली. मान ताठ होती. "आपल्या गावचं बियाणं म्हणून मलाही मिरवायचंय. पण खरं मिरवायचंय. कुणी देतंय का रान?"

पाठमोऱ्या अण्णांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि ते वळले.

"मी देतो. ओढ्यापलीकडं माझी निम्मी तूर उभ्या उभ्या वाळलीय. कुणी बघू नये म्हणून वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्यात. आजच काढतो. ये पोरी, तुझी तूर घेऊन. बघूच, ती माना टाकते की माझ्या रानाची मस्ती जिरवते!"

तात्पर्य: कसोटी न झालेलं यश नाकारायला धीर लागतो, आणि आपलं दुखणं चारचौघांत उघड करायला त्याहून मोठा धीर लागतो; गावाचा खरा अभिमान या दोन्हींवरच उभा राहतो.