हवेवर चालणारा गिझर

एका गावात सोपान नावाचा एक भोळा नवरा राहत होता. नवरा तो नुकताच झाला होता. भोळा जन्मापासून होता. सांगाल ते ऐकायचा. अडचण एवढीच, की सांगाल तेच ऐकायचा.

त्याची बायको वैजू. तिच्या वडिलांनी जावयाला हीट पंप भेट दिला. घरातला जुना गिझर वीज घटाघटा प्यायचा. हे नवं यंत्र हवेतली ऊब ओढून पाणी तापवायचं, विजेला नुसते ओठ लावायचं. भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, तसं वडिलांनी यंत्रावर तांबड्या रंगात घालून घेतलं होतं : 'शिवराम जगदाळे यांजकडून सप्रेम.'

सासूबाई कोंडाबाई यंत्राभोवती एक फेरी मारून आल्या.

"हवेवर पाणी तापतं म्हणे! अमावस्येला बोलाव तुझ्या बाबांना. मला कढत पाणी मिळालं तर जेवून जातील, नाही तर यंत्र घेऊन जातील. आणि यंत्राला सोबत लागली, तर तूही जा."

वैजूनं मान हलवली. नव्या सुनेला तेवढंच बोलता येतं.

यंत्र बसवणारा मिस्त्री जाताना म्हणाला, "पाव्हणं, एकच करा. इथं हवा खेळती ठेवा."

सोपाननं लगेच चेंडू आणला. गोट्या आणल्या, भोवरा आणला, सगळं यंत्रापुढं मांडलं. मग दार-खिडक्या गच्च लावून घेतल्या.

सकाळी पाणी कोमट.

"अहो, खिडक्या कशाला लावल्या?"

"खेळता खेळता लांब गेली तर?"

वैजूनं कपाळाला हात लावला. "हवा खेळती ठेवायची म्हणजे सगळं सताड उघडं ठेवायचं!"

"मग असं सरळ बोलावं माणसानं."

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं सताड उघडं ठेवलं. खिडक्या, दारं, कपाट, पिठाचा डबा आणि गरम पाण्याचा नळ. टाकी परसात रिकामी झाली. अळू उभ्या उभ्या शिजलं. कोंडाबाई टॉवेल खांद्यावर टाकून कोरड्या नळापुढं उभ्या.

"सोपान्या! गरम ते झाकून ठेवावं, एवढंही कळत नाही तुला?"

"आत्ता कळलं, आई."

अमावस्येच्या पहाटे तो यंत्रापाशी गेला. यंत्र पाणी तापवत होतं आणि पुढून गार वारा सोडत होतं, ते त्याचं कामच. सोपानला वाटलं, हुडहुडी भरली बिचाऱ्याला. त्यानं आईची जाड गोधडी आणली, यंत्राला चारी बाजूंनी गुंडाळली आणि वरून दोरी आवळली. यंत्र घुसमटलं, घरघरलं आणि बंद पडलं.

कोंडाबाईंनी पहिला तांब्या अंगावर घेतला. त्यांची किंकाळी वेशीपर्यंत गेली.

"गेलं ते यंत्र!" देवळाला निघताना त्या कडाडल्या. "कर आता त्याच्या नावानं आंघोळ!"

"एकट्यानंच, आई?"

"बोलाव की सगळी भावकी!"

सोपाननं यंत्रावरचं नाव नीट वाचून घेतलं आणि भावकीला सांगायला निघाला. सासऱ्यांचं नाव म्हटल्यावर यंत्रालाही तो आता अहोजाहो करणार होता.

इकडे वैजूनं गोधडी ओढून काढली, खटका दाबला. यंत्र पुन्हा गुणगुणू लागलं. दुपारपर्यंत टाकी कढत झाली. बाबा एसटीत बसल्याचा फोनही आला. तेवढ्यात खांद्यावर पंचे टाकून भावकी दारात.

बाहेर थोरले चुलते सोपानला विचारत होते, "झालं तरी काय एकाएकी?"

"हवेवरच जगत होते, तात्या. पहाटे अंग गार लागलं."

"अरेरे! मग?"

"मग मीच तोंडावरून गोधडी घातली. दोरीनं आवळली. जरा घरघरले आणि संपलं."

तात्या दोन पावलं मागं सरकले.

"पोरकी झालीस गं!" म्हणत चुलतसासूनं वैजूला छातीशी घट्ट दाबलं. वैजू सांगायला तोंड उघडायची आणि काकू आणखी दाबायच्या. गोधडीतल्या यंत्राचं दुःख तिला तेव्हा कळलं.

आंघोळी सुरू झाल्या. एकेक जण लाल होऊन बाहेर येऊ लागला. पाण्याचं कौतुक करायची ही वेळ नव्हती, म्हणून तात्या हळूच म्हणाले, "आणखी एक बादली मिळेल का?"

कोंडाबाई देवळातून आल्या. कुणी काही विचारू दिलं नाही. व्याही गेले म्हटल्यावर त्यांनाही बादलीपुढं बसवलं. त्या बाहेर आल्या तेव्हा अंगातून वाफा निघत होत्या.

"कढत आहे गं," त्या सुनेला कुजबुजल्या. "राहू दे यंत्र. बिचारे जेवायला मात्र राहिले नाहीत." आणि डोळ्यांना पदर लावला.

काकूंची मिठी एव्हाना सैल झाली होती. "आत्याबाई," वैजू सासूला म्हणाली, "एक पान वाढवा."

तेवढ्यात हातात पेढ्यांचा पुडा घेऊन शिवराम जगदाळे दारात उभे राहिले. भावकी किंचाळत भिंतीला चिकटली. ओली डोकी, रडवेले चेहरे बघून त्यांच्या हातातला पुडा गळून पडला.

"अरे देवा! कोण गेलं?"

सोपान हसतमुखानं पुढं झाला आणि वाकून पाया पडला.

"या, मामा. तुमच्या नावानं सगळ्यांची आंघोळ झाली. तुमच्यासाठीही एक बादली ठेवलीय."