हिरव्या दिव्याची साक्ष

भंडाऱ्याच्या शेवंता हेडाऊच्या हातमागावरील कोसा रेशमाच्या साड्यांची वाहवा ऐकून व्यापारी गुंडावारशेठना अन्न गोड लागेना. शेवंता सूत कातण्यापूर्वीच तंतूंत डीएनएची अदृश्य खूण मुरवी. तपासणी यंत्राने ती ओळखली, की हिरवा दिवा लागे आणि साडी अस्सल ठरे. प्रदर्शनाचा यंदाचा पुरस्कारही तिलाच जाणार, या जळफळाटात शेठनी खुणेचे द्रावण फितुरीने मिळवून आपल्या यंत्रमागाच्या साड्यांवर स्वहस्ते शिंपडले.

प्रदर्शनात त्यांच्या साडीवर यंत्राचा हिरवा दिवा लागला.

“अस्सलपणाचा मक्ता काय तुझ्याच घरी आहे, बाई?” शेठ गरजले.

“परीक्षकसाहेब, आता आम्हा दोघांचे तळहात तपासा,” शेवंता म्हणाली.

तिच्या हातावर दिवा लागला नाही. शेठच्या हातावर लख्ख लागला.

“मुरलेली खूण हाताला लागत नाही जी, शिंपडलेली लागते. नाहीतर शेठजींनाही मीच मागावर विणलं म्हणायचं का?”