लुगड्याची तोंडी परीक्षा

त्या मुलखात माणसं नव्हती, नुसते कपडे राहत होते. अर्धे दोरीवर, अर्धे काचेच्या कपाटात. दोरीवर ऊन, वारा आणि कावळे. कपाटात डांबरगोळ्यांचा वास आणि शांतता. कपाटात जायचं तर कोटाच्या भाषेत तोंडी परीक्षा द्यावी लागे. विषय दरवर्षी एकच, कपडे.

दोरीवर एक हिरवं, रुईफुलांच्या काठाचं नऊवारी लुगडं होतं. खरं तर आता सव्वाआठवारीच. कधीकाळी त्याचा एक तुकडा कापून झबलं शिवलं होतं. कात्री बोथट होती म्हणून काप वाकडा गेला, मधे एक खाच पडली. झबलं मोठं झालं, कोटाची भाषा शिकलं, कपाटात गेलं. पुढे काही निरोप नाही. लुगड्याला ते एकदा बघायचं होतं, म्हणून या वयात त्याने शिकवणी लावली.

शिकवणी टायची होती.

"स्वतःच्याच गळ्याला फास आणि हा आम्हाला बोलायला शिकवणार," लुगडं शेजारच्या गोणपाटाला म्हणालं.

"आजी, हळू बोला, ऐकेल तो."

"ऐकू दे की. आपली भाषा विसरलाय मेला."

टायने सगळ्यांना एकच उत्तर पाठ करायला दिलं. मला सुती कपडे आवडतात, ते अंगाला बरे वाटतात. रेनकोटनेही तेच पाठ केलं. गोणपाट तर इतकं मनापासून म्हणे, की ऐकणाऱ्याला वाटावं हे मलमल आहे.

शेवटचा प्रश्न होता, जुन्या कपड्यांचं तुम्ही काय करता?

"आमच्यात गोधडी शिवतात," लुगडं म्हणालं. "सगळ्या घराचं जुनं एकाखाली एक घालून. ते सांगू?"

"नको आजी," टाय म्हणाला. "गेल्या वर्षी एक पातळ तेच सांगत बसलं. अजून दोरीवर आहे. म्हणायचं, जुने कपडे आम्ही फेकून देतो, म्हणजे जागा मोकळी होते."

लुगड्याने ते सात दिवस घोकलं. सातव्या दिवशी ते म्हणताना काहीच वाटेनासं झालं.

परीक्षेच्या दिवशी गोणपाट आधी आत गेलं आणि पास होऊन आलं. मग लुगड्याला बोलावलं. कोट हँगरवर ताठ बसला होता. टेबलावर एक ओलं फडकं पुसत फिरत होतं. त्याचा असा बोळा झाला होता की मूळचं ते काय, काही कळत नव्हतं.

"अगं, जरा बेतानं पूस," लुगडं हळूच म्हणालं. "माझ्या पदराला पाणी लागतंय."

फडक्याने कोटाच्या भाषेत माफी मागितली आणि ते बाजूला सरकलं.

कोटाने विचारलं, लुगड्याने सांगितलं. सुती, अंगाला बरे, उन्हाळ्यात चांगले. एकही शब्द अडला नाही. शेवटचा प्रश्न आला.

"जुने कपडे आम्ही फेकून देतो," लुगडं म्हणालं, "म्हणजे जागा मोकळी होते."

फडकं टेबलाच्या कडेला थोडं थांबलं, मग पुन्हा पुसायला लागलं.

"छान," कोट म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.

कपाटात लुगड्याची बारीक घडी करून त्याला हँगरवर टाकलं. कापलेली कड बाहेरच्या अंगाला आली, काचेला टेकून. लुगड्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. कोट, कोट, गोणपाट, कोट. झबलं कुठेच नव्हतं. शेजारच्या जाकिटाला विचारलं, तर ते म्हणालं, मला सुती कपडे आवडतात.

संध्याकाळी काच पुसायला फडकं आलं. काच मोठी, म्हणून त्याने बोळा सोडला आणि ते सबंध पसरलं. विटलेला हिरवा रंग, एका बाजूला रुईफुलांचा काठ. दुसऱ्या बाजूचा काप वाकडा, आणि मधे खाच.

लुगड्याने हाक मारायला तोंड उघडलं. सात दिवस घोकलेलंच बाहेर आलं. काच जाड होती, तेही पलीकडे गेलं नाही.

फडकं वरून खाली पुसत आलं. काप कापासमोर आला, खाच खाचेत बसली. त्या जागी काचेवर आतून वाफ धरली होती. फडक्याने ती दोनदा घासली, ती निघाली नाही, आणि ते पुढच्या काचेकडे गेलं.