गुळाचा खडा आणि बाभळीचा काटा

फार फार वर्षांपूर्वी, राजे हत्तीवरून हिंडत आणि प्रजा बाजूला सरून वाट देई, तेव्हाची ही गोष्ट. एका राजाच्या पदरी एक शिकवणारा होता. माणसांना नव्हे, जनावरांना शिकवणारा. आडमुठा घोडा असो की माजलेला हत्ती, त्याच्या हाताखाली आला की गाईहून गरीब होई.

त्याची रीत साधी होती. जनावर मनासारखं वागलं की गुळाचा खडा. नाही वागलं की पाठ फिरवायची आणि वळून पाहायचं नाही. चाबूक त्याने कधी हाती धरला नाही, आणि त्याचा त्याला भारी अभिमान. जनावराच्या मनात काय चालत असेल, असं कोणी विचारलं की तो हसे.

"मन कोणी पाहिलंय? वागणं दिसतं, तेवढंच खरं."

पागेत हे खपून गेलं. पण शहाण्याने पागेतली विद्या घरात आणली.

त्याला एकुलती एक मुलगी होती, जराशी रडवी. ती हसत सामोरी आली की गूळ, रडली की बापाची पाठ. बायको कळवळून म्हणे, "अहो, का रडतेय ते तरी विचारा." त्याचं उत्तर ठरलेलं, विचारलं की रडणं वाढतं. आणि खरंच, पोरीचं रडणं थांबलं. शेजारणी आपली किरकिरी पोरं काखोटीला मारून तिला पाहायला येऊ लागल्या. राजाने शेला दिला. बाप हरखून गेला.

पुढे एकदा आई माहेरी गेली असताना मुलीच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. ती हसत घरी आली. गूळ मिळाला. टाच ठणकू लागली, तरी संध्याकाळी ती दारात हसतच उभी होती. पुन्हा गूळ मिळाला. असे दिवस गेले आणि शेवटी तापाने फणफणून ती अंगणात कोसळली. वैद्याने जीव वाचवला, पण पाऊल गेलं. घोड्यांचे खूर बाप रोज उचलून पाही. लेकीची टाच त्याने एकदाही पाहिली नव्हती.

"बाळे, दुखत होतं तर सांगितलं का नाहीस?" उशाशी बसून त्याने विचारलं.

"तुम्ही पाठ फिरवली असती, बाबा."

तो तिला विनवू लागला, की आता रड, मनमोकळी रड, मी कुठे जात नाही. ती रडेना. तेव्हा त्या वेड्याने, दुसरं काही येतच नव्हतं म्हणून, गुळाचा खडा पुढे केला. मुलगी गुळाकडे बघून चटकन गोड हसली.

ते हसू पाहून बापाला हुंदका फुटला. तो ओक्साबोक्शी रडू लागला, आणि मुलीने मुकाट्याने कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. कोणी रडलं की काय करायचं, ते तिला फार चांगलं शिकवलेलं होतं.

बोध एवढाच: लेकराला वळण जरूर लावावं, पण आधी त्याचं रडणं ऐकून घ्यावं.